राक्षसपार्टी आणि आमचा बोनस

परग्रहावरचे पाहुणे ही हॉलिवुडची मिरासदारी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा सांगलीला यावे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि त्या वळणाच्या नाटकांतून राळेच्या भपक्यात, तलवारी परजत, ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत राक्षसपार्टी येऊ लागली. ती कोणत्या ग्रहावरून आली हे कुणी विचारले नाही. मात्र त्या नाटकांचा एक शिरस्ता होता. आधी सूत्रधार, विदूषक, मग गणपती, मग मोरावर नाचत येणारी सरस्वती. सगळ्यांचे आशीर्वाद पदरात पडले की मग राक्षस. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांतले परग्रहवासीयांचे चित्रपट मी ओळीने पाहिले, तेव्हा ध्यानात आले की अमेरिकेनेही नेमका हाच क्रम धरलाय.

ओळीने पाहिले म्हणजे कसे, तेही सांगतो. माझे घर साताऱ्याला आणि शाखा सांगलीला. रेल्वेच्या एका खेपेत मोबाइलवर एक चित्रपट बरोबर बसतो. शेजारचा प्रवासी भडंग खात खात तो फुकटात बघतो, हा जादा आकार. आता बी. कॉम. झालेल्या माणसाने चित्रपटांवर लिहावे का? लिहू नये असे कोणत्याही परिपत्रकात नाही. मी परिपत्रके शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

तर मंगलाचरण म्हणजे १९७७ चा स्पीलबर्गचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. नायक वीज कंपनीतला लाइनमन. आकाशातले दिवे पाहून त्याचे डोके फिरते आणि तो जेवणाच्या टेबलावर कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर रचू लागतो. बायको मुलांना घेऊन निघून जाते. मी ताटातल्या भाताचा अजिंक्यतारा केला असता तर आमच्याकडे कुणी निघून गेले नसते, फक्त वाढणे बंद झाले असते. शेवटी यान येते ते रोषणाई करून, पाच सुरांची ओळख दाखवत, थेट सरस्वतीच्या थाटात.

पण मला त्यातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो तो आपल्याकडचा. चित्रपटात गाव धर्मशाळेचे म्हणून सांगतात; प्रत्यक्षात ते खालापूरजवळचे हाळ, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले. शेकडो माणसे तेच सूर गात बसली आहेत. हे सूर आले कुठून, असे विचारताच सगळ्यांची बोटे एका झटक्यात वर! कुणी घाबरलेले नाही, कुणाच्या हातात काठीसुद्धा नाही. पुढच्या दहा वर्षांत परग्रहावरचा पाहुणा पुष्कळ ठिकाणी उतरला, पण असे स्वागत त्याच्या नशिबी पुन्हा आले नाही.

दोनच वर्षांनी, १९७९ साली, ‘एलियन’ आला आणि राळ उडाली. दिग्दर्शक रिडली स्कॉट. यानात सात माणसे आणि एक मांजर. कराड मागे पडले तरी राक्षसाचा पत्ता नाही, म्हणून शेजाऱ्याने भडंगाची पुडी बांधली. मी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच गार झालो होतो. कारण झोपेतून उठल्याबरोबर ही मंडळी अंतराळाविषयी बोलत नाहीत, बोनसविषयी बोलतात! इंजिनखोलीतल्या दोघांना वरच्यांपेक्षा कमी वाटा मिळतो, त्याची कुरकुर चाललेली. अनोळखी संदेशाचा तपास का करायचा? तर नाही केला तर करारनाम्याप्रमाणे पैसे बुडतात. अहो, हे यान कसले, ही तर आमची शाखा!

आणि मग तो दरवाजा. तोंडाला राक्षस चिकटलेला सहकारी बाहेर उभा आहे, कॅप्टन स्वतः सांगतोय ‘उघड’, आणि आत रिप्ली नावाची बाई म्हणते, चोवीस तास विलग ठेवायचा नियम आहे, उघडणार नाही. दरवाजा दुसराच कुणी उघडतो. पुढचे सगळे मुडदे त्या एका उघडण्याचे. आमच्याकडे एका हेडकॅशियरने वेळ संपल्यावर तिजोरीला आपली किल्ली लावायला साफ नकार दिला होता. वरिष्ठ तापले, हा हलला नाही. रोकड जागच्या जागी राहिली, हेडकॅशियर जतला गेला. रिप्ली पाहताना मला तो आठवला. खरा राक्षस तर पुढे समजतो: प्राणी आणा, कर्मचारी गेले तरी चालतील, असा कंपनीचा आदेश आधीच निघालेला असतो. गिगरने घडवलेले ते लाळगाळे ध्यान भीषण आहेच, पण मला घाम फुटला तो या आदेशाने.

१९८२ च्या जूनमध्ये दोन पाहुणे एकदमच आले. एक ‘ई. टी.’. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरवणारी पटकथा लिहिली होती. तो चित्रपट निघाला नाही आणि पाहुणा कॅलिफोर्नियाला उतरला. छत्री, करवतीचे पाते, बोलके खेळणे जोडून तो घरी फोन लावतो. साताऱ्याहून ट्रंक कॉल लावून ताटकळलेल्या पिढीला त्याची कळकळ कळावी. चित्रपट मात्र कंदी पेढ्यासारखा आहे, अस्सल आणि फार गोड. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेल्या माणसाला संशयित ठरवले, याचा निषेध नोंदवून पुढे जातो.

दुसरा कार्पेंटरचा ‘द थिंग’. हा कुणाचेही रूप घेतो. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात अडकलेली माणसे एकमेकांच्या रक्तात तापलेली तार बुडवून खरा-खोटा तपासतात. म्हणजे केवायसी! पॅन, आधार, फोटो घेऊनही समोरचा तोच आहे याची आम्हांला खात्री नसते, त्यामुळे मला तो फार पटला. तेव्हाच्या प्रेक्षकांनी त्याला झिडकारले. पेढा खाऊन आलेल्याला कारले कोण देणार?

१९८७ चा ‘प्रेडेटर’ म्हणजे निव्वळ दंड-बैठका. तो राहू दे.

त्याआधीचा, १९८६ चा कॅमेरॉनचा ‘एलियन्स’ बघा. रिप्ली सत्तावन्न वर्षे झोपून परत येते, आणि तिच्यापुढे काय ठेवतात? चौकशी समिती! यान उडवून दिले, त्याची किंमत इतकी, तुमचा परवाना रद्द. मग बंदुका घेतलेले सैनिक जातात, राक्षसही एकाचे शेकडो होतात, आणि यातली धडाडधूम मला थोडी लांबलेली वाटली. पण कंपनीचा गुळगुळीत प्रतिनिधी इथेही आहेच. प्राणी माणसांच्या पोटातून, विलगीकरण चुकवून पार करायचा त्याचा बेत. तेव्हा रिप्ली त्याला सुनावते, की हे राक्षस निदान टक्केवारीसाठी एकमेकांचा गळा कापत नाहीत. भिलवडीला शेजाऱ्याने इथे चित्रपट थांबवायला लावला आणि तेवढे वाक्य पुन्हा ऐकले. तो कंत्राटदाराकडे मुकादम होता.

त्या सत्तावन्न वर्षांच्या थकबाकीविषयी मात्र समितीतल्या कुणीही ब्र काढला नाही.