बाळू पालवणकर : सांगितलेली गोष्ट आणि राहून गेलेली गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात 'लगान' हा चित्रपट घरी पुन्हा एकदा पाहण्याचा योग आला. आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट २००१ साली प्रदर्शित झाला, तेव्हा माधव नगरातील आम्ही चार-पाच कुटुंबे मिळून तो पाहावयास गेलो होतो. दिग्दर्शक मराठी, भाषा आपल्या रोजच्या कानावरची, कथा इंग्रजांना नमविण्याची. आपल्याला तो आवडला नसता तरच नवल. या खेपेस मात्र सोबत नात होती. सामना संपून पाऊस सुरू झाला तेव्हा तिने विचारले, "आजोबा, कचऱ्याचा हात सरळ असता, तर त्याला संघात घेतलं असतं का?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वेळी न दिलेल्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

कथेतील योजना वाचकांच्या स्मरणात असेलच. काळ १८९३ चा, गाव चंपानेर. गावकुसाबाहेरचा कचरा संघाचा सराव दुरून पाहत असतो. चेंडू त्याच्याकडे जातो, तो आपल्या लुळ्या हाताने परत फेकतो आणि चेंडू जमिनीवर पडून विलक्षण वळतो. भुवन ते हेरतो. गावकरी विटाळाच्या भीतीने बिथरतात, भुवन एक आवेशपूर्ण भाषण करतो आणि मने पालटतात. पुढे ऐन सामन्यात कचरा लागोपाठ तीन बळी घेतो.

यात कलात्मक दोष आहे असे मी म्हणणार नाही. लोककथेच्या रीतीने चाललेल्या चित्रपटात मने अशीच पालटतात. माझा आक्षेप हाताविषयी आहे. कचऱ्याची फिरकी त्याने कमावलेली नाही. ती त्याच्या व्यंगातून आपोआप आलेली आहे. देवाने एका हाताने काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने दिले, असा तो हिशेब आहे. त्यामुळे कचऱ्याला शिकावे लागत नाही, घाम गाळावा लागत नाही, इतकेच काय, आपल्यापाशी काय आहे हेही त्याला ठाऊक असण्याची गरज राहत नाही. ते भुवनने पाहावयाचे. अखेरच्या षटकात कचऱ्याच्या हाती बॅट येते खरी, पण विजयाचा षटकार भुवनच्याच नावावर लिहिलेला असतो.

आता योगायोग पाहा. चित्रपटातील सामन्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९२ साली, पुण्यात गोऱ्यांच्या पूना क्लबात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा महिना चार रुपयांवर नोकरीस लागला. त्याआधी तो एका पारशी क्लबात तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम करीत असे. बाळू पालवणकर हे त्याचे नाव. जन्म १८७६ साली धारवाडचा, जात चांभार, वडील लष्करात. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळावयास शिकले. पूना क्लबात जाळी बांधणे, खेळपट्टी तयार करणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे ही बाळूंची कामे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज मुख्य सामन्याच्या आधी तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. दर वेळी बाद केल्याबद्दल तो आठ आणे देत असे, अशी कथाही प्रचलित आहे. आठ आण्यांचे खरेखोटे काहीही असो. सरावाचे मात्र खरे. डावखुऱ्या हाताची ती फिरकी, तो टप्पा, ती दिशा, हे सारे त्या चाकरीच्या तासांतून आलेले आहे.

एक गोष्ट मला विशेष वाटते. ज्या खेळपट्टीवर चेंडू टाकावयाचा ती या माणसाने स्वतः झाडलेली, शिंपलेली आणि रूळ फिरवून दाबलेली असे. ओल कोठे धरते, माती कोठे सुटते, हे त्याच्याइतके त्या मैदानावर कोणास कळत असेल? जे काम हलके म्हणून त्याच्याकडे आले, त्यानेच त्याला खेळाचे मूळ शिकविले, असा माझा तर्क आहे. 'लगान'च्या पटकथेत लुळा हात आहे, पण रूळ नाही. आणि पूना क्लबात बाळूंना बॅट म्हणून कधी हाती धरू दिली गेली नाही. फलंदाजी ही साहेबाची, गोलंदाजी ही मजुराची, अशी ती वाटणी होती.

हे सारे आज आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या २००२ साली आलेल्या इंग्रजी ग्रंथामुळे. चित्रपट आधी, ग्रंथ नंतर. तेव्हा कचरा हा बाळूंवरून बेतला असे म्हणण्याची घाई करू नये. मात्र ग्रंथ आल्यानंतर चित्रपट पूर्वीसारखा पाहता येत नाही, हेही तितकेच खरे. गुहांचे मोठे श्रेय असे की त्यांनी बाळूंना संघात घेतले जाण्याचा प्रसंग भाषणाने सोडविला नाही. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवावयाचे होते आणि त्यासाठी हा गोलंदाज हवा होता. म्हणून त्याला घेतले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, म्हणजे ते भांडे नंतर टाकून देता येई. मनपरिवर्तन वगैरे काही नाही; सोय तेवढी पाहिली गेली.

मला येथे थोडे स्वतःचे सांगणे भाग आहे. शिंदेशाहीच्या चाकरीनिमित्त आपली कुटुंबे या क्षिप्राकाठी आली, राहिली आणि रुजली. आमच्या जुन्या घरी मागील दाराच्या कोनाड्यात दांडी तुटलेला एक कप असे. तो घासावयाचा नसे. ज्याने चहा घ्यावयाचा त्यानेच तो विसळून ठेवावयाचा. तो कप कोणासाठी, हे लहानपणी कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. माझे आजोबा क्रिकेटचे मोठे षौकीन. कर्नल नायडू हे इंदूरचे म्हणून ते जणू घरचेच. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी. विरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी काढलेल्या १५३ धावा आणि त्यांतील अकरा षटकार आजोबा बोटांवर मोजून दाखवीत. 'देवधर आले', 'नायडू म्हणाले' असे सर्व आदरार्थी. बाळूंचा उल्लेख क्वचित येई, तो 'चांभाराचा बाळू होता एक, चेंडू बरा टाकायचा' असा. मराठीत माणसाची जागा क्रियापदावरून कळते. मी या लेखात बाळूंसाठी मुद्दाम बहुवचन वापरीत आहे आणि लिहिताना ते अजून जरासे अडखळते, हे कबूल करतो.

आणि हा 'बरा' चेंडू कसला होता? १८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईस आले, तेथील हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. पस्तिशीला आलेल्या बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. बहुतेक सामने हरणाऱ्या संघाकडून हे घडले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही.

१९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपदाचा विचार करताना विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंना डावलण्यात आले, तेव्हा त्या दोघांनी संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर बाळूंना परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. आजोबांचे नायडू याच विठ्ठल पालवणकरांच्या हाताखाली खेळले, हे आजोबांनी मला कधीच सांगितले नाही. चित्रपटात भुवनच्या भाषणाला काही मिनिटे लागतात; येथे रूळ फिरविणाऱ्या मुलापासून धाकट्या भावाच्या कर्णधारपदापर्यंत तीस वर्षे लागली, आणि त्यातला एक टप्पा तर खेळावयास नकार देऊनच गाठावा लागला. या नकाराचे नाट्य कोणत्याही पटकथाकाराला मोहात पाडील असे आहे. पण 'अकल्पित खेळाडू'च्या साच्यात ते बसत नाही, कारण त्या साच्यातील नायकाने कृतज्ञ असावयाचे असते.

हा साचा काही आपल्याकडचाच नाही. २००८ साली उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले जाऊन अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये, पिट्सबर्ग पायरेट्स या संघसंस्थेत दाखल झाले. त्यापूर्वी दोघांनी बेसबॉल खेळलेला नव्हता. यावर २०१४ साली 'मिलियन डॉलर आर्म' हा चित्रपट निघाला. शीर्षकात पुन्हा हातच! आणि कथा कोणाची, तर त्यांना शोधून काढणाऱ्या अमेरिकन गृहस्थाची. परक्या देशातून, परक्या खेळात आलेल्या माणसाची गोष्ट सांगताना लेखणी वारंवार 'शोधणाऱ्या'कडे का वळते? मला वाटते, शोधणारा हा प्रेक्षकाच्या जवळचा असतो. त्याच्या डोळ्यांनी पाहिले की आपल्याला औदार्याचा आनंद मिळतो आणि झाडणाऱ्याच्या बाजूने पाहण्याचा त्रास वाचतो.

गुहा या मोहातून बऱ्याच अंशी सुटले आहेत. विशेषतः त्यांनी बाळूंची गोष्ट विजयावर संपविली नाही. मैदान सुटल्यावरचे बाळू आपल्या सर्वांनाच अवघड जातात. १९३२ साली पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या राखीव जागेसाठी ते काँग्रेसतर्फे उभे राहिले, ते प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. महू येथून फार दूर नाही. त्या गावी जन्मलेल्या महापुरुषाविरुद्ध आपला हा नायक उभा राहिला आणि पडला, हे सांगताना जीभ जड होते. बाळूंना कोणी वापरून घेतले काय, की आयुष्यभर सवर्णांच्या संघात राहून जागा मिळविणे हाच मार्ग त्यांना खरा वाटला? गुहा याचे उत्तर परिस्थितीतून सुचवितात, बाळूंच्या मुखातून नव्हे. हाच त्या ग्रंथाचा कमकुवतपणा आहे आणि तो टाळताही येण्यासारखा नव्हता, कारण बाळूंनी स्वतःविषयी ग्रंथ लिहून ठेवला नाही. १९५५ साली ते निवर्तले.

लिहिले ते विठ्ठल यांनी. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचे मराठी आत्मकथन १९४८ साली मुंबईस प्रसिद्ध झाले. गुहांच्या कथनाचा एक मोठा आधार हेच पुस्तक आहे. म्हणजे गोष्ट अशी की, एका मराठी माणसाने मराठीत लिहिलेले पुस्तक एका इंग्रजी ग्रंथकाराने वाचले, आणि त्या इंग्रजी ग्रंथाकडून आम्हां मराठी वाचकांस बाळूंचा पत्ता लागला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्याआधी तब्बल तीस वर्षे, अस्पृश्य गणलेल्या जातीतील एका मराठी लेखकाने स्वतःचे आयुष्य पुस्तकरूपाने लिहून ठेवले होते. तरी मराठी आत्मचरित्रावरील आपल्या चर्चांत मी त्याचे नाव कधी ऐकले नाही. खेळाडूचे पुस्तक म्हणून साहित्याने ते बाजूला ठेवले असेल. पुन्हा ती वाटणीच! शीर्षकात 'जीवन' एवढाच शब्द न घालता 'क्रीडा-जीवन' असे लिहिणाऱ्या विठ्ठलरावांना ती बहुधा ठाऊक होती.

नातीला मी अखेर एवढे सांगितले, की कचऱ्याचा हात सरळ असता तर तो कोणास दिसलाच नसता. पण बाळूंचा हात सरळच होता. ती म्हणाली, "मग त्यांच्यावर सिनेमा का नाही काढला?"

आपल्या ग्रंथालयाच्या सूचीत 'माझे क्रीडा-जीवन' नाही. मी दोनदा पाहिले. ग्रंथालय समितीने त्याची प्रत, निदान छायाप्रत, मुंबई-पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांतून मिळवावी अशी विनंती आहे. तसेच आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पुस्तकांच्या पेट्या अद्याप न उघडता पडून आहेत. त्या या दिवाळीच्या साफसफाईत उघडल्या गेल्या आणि त्यांत विठ्ठल पालवणकरांचे नाव दिसले, तर रद्दीवाल्यास देण्यापूर्वी मला कळवावे.