तळ्यातले प्रतिबिंब : एका विद्यार्थी-खेळाचे परीक्षण

गेल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या परिचयाच्या एका घरी, माटोळीखाली बसून, एक संगणकीय खेळ पाहण्याचा योग आम्हांस आला. त्या घरची कन्या पुण्यात आरेखनाचे शिक्षण घेते. तिच्या वर्गातील काही मुलेमुली अभ्याससहलीसाठी जपानात जाऊन आली, आणि क्योतो नगरीत तेथील विद्यार्थ्यांसमवेत दोन दिवस व दोन रात्री बसून त्यांनी काही खेळ रचले. त्यांपैकी एक तिने घरच्या मंडळींना दाखविला. खेळात सरस्वतीचा संबंध आहे असे कळताच घरातील वृद्ध गृहस्थांनी विचारले, “बाये, देवीक खेळांत कित्याक हाडली गो?” मुलगी म्हणाली, “हांवें देवी हाडूंक ना, आजो. फकत तिचें प्रतिबिंब हाडलां.”

हे उत्तर चतुराईचे आहे की त्यात कलेचा काही विचार आहे, हे तपासून पाहावे असे आम्हांस वाटले. खेळ लहान आहे. खेळून संपावयास पंधरा मिनिटे लागत नाहीत. परंतु दशावतारातील एखादा प्रवेशही तेवढाच असतो, आणि त्यावर आपण घटका घटका वाद घालतोच.

प्रथम या रचनापद्धतीविषयी दोन शब्द. तिला ‘गेम जॅम’ म्हणतात. वादक मंडळी पूर्वतयारीवाचून एकत्र बसून जे वादन करतात त्याला इंग्रजीत ‘जॅम’ हे नाव आहे. तेथून हा शब्द आला. २००२ साली अमेरिकेतील ओकलंड येथे काही खेळ-रचनाकार अशा बैठकीसाठी जमले, आणि २००९ पासून ‘ग्लोबल गेम जॅम’ या नावाने अनेक देशांत एकाच सप्ताहान्ती अठ्ठेचाळीस तासांच्या बैठका भरू लागल्या. विषय आयत्या वेळी जाहीर करावयाचा, गट पाडावयाचे आणि मुदत संपताच हात थांबवावयाचे, असा शिरस्ता. आमच्या वाचकांस ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. देवळासमोरच्या दहीकाल्यात संहिता कोणाच्या हाती असते? संध्याकाळी आख्यान ठरते, रंगपटात कोणी काय घ्यावयाचे ते बोलून घेतात, आणि पहाटेपर्यंत संवाद जागच्या जागी उभे राहतात. भेद इतकाच, की काल्यातील नटाच्या पाठीशी पिढ्यांचे पाठांतर असते. या मुलांच्या पाठीशी आठ दिवसांची सहल होती. खेळाचे गुण आणि दोष दोन्ही या एका गोष्टीत आहेत, असे आमचे मत झाले.

आता खेळाकडे वळू. दिलेला विषय ‘पाणी’ हा होता. गटात पाच जण. तीन जपानी, दोन आपल्याकडचे. त्यांनी बेंझायतेन हिला निवडले. बेंझायतेन म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध सूत्रांच्या द्वारे चीनमार्गे ती जपानात पोहोचली. तेथे तिच्या हाती वीणेऐवजी ‘बिवा’ नावाचे तंतुवाद्य आले आणि नदीदेवता हे तिचे मूळ रूप पाण्याच्या सान्निध्यात टिकून राहिले. बिवा सरोवरातील चिकुबुशिमा, समुद्रकाठचे एनोशिमा आणि इत्सुकुशिमा ही तिची तीन थोर स्थाने, तिन्ही बेटे. खेळातील कल्पना अशी : एका तळ्याकाठच्या लहानशा देवळातील बिवेच्या चारही तारा पाण्यात पडल्या आहेत. सांज झाली आहे. एक मूल तळ्यातील दगडांवर पाय ठेवीत त्या शोधावयास निघते. मूल चालले की पाण्यावर तरंग उठतात आणि काहीच दिसत नाही. ते थांबले, आणि थांबूनच राहिले, तर तरंग निवतात. मग पाण्यात काठावर बसलेल्या एका स्त्रीचे प्रतिबिंब दिसते. काठावर पाहावे तर कोणी नाही. त्या प्रतिबिंबातील बोट जिकडे वळलेले असते तिकडे तार असते. पाऊल उचलले की प्रतिबिंब मोडते; दिशा ध्यानात ठेवून चालावे लागते.

ही कल्पना आम्हांस उत्तम वाटली, आणि उत्तम का वाटली ते सांगणे आमचे काम आहे. खेळ या कलाप्रकाराचे साहित्य चित्र नव्हे, कथाही नव्हे. नियम हे त्याचे साहित्य होय. चित्रकाराने भाव रंगांतून सांगावा, तसा खेळ रचणाऱ्याने तो नियमांतून सांगावयास हवा. येथे ‘देवी कृपाळू आहे’ असे कोठेही लिहिलेले नाही. परंतु स्थिर होणाऱ्यास दिसते आणि धावणाऱ्यास दिसत नाही, एवढ्या एका नियमात ते सर्व आले आहे. खेळणाऱ्याच्या बोटांना ते प्रथम कळते, बुद्धीला मागाहून. घरातील एक बारा वर्षांचा मुलगा आरंभी सारखी कळ दाबीत होता. तिसऱ्या तारेपाशी त्याने हात मांडीवर ठेवला आणि तो श्वास रोखून बसला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

प्रतिबिंबाची ही योजना कशी सुचली, हे मुलीने सांगितले ते लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडच्या दोघांचा आग्रह होता की देवी स्वतः प्रकट व्हावी, तेजोवलयासह, जशी आपल्या दिनदर्शिकांवर असते. जपानी विद्यार्थिनींपैकी एकीने मान हलविली. भाषेची अडचण होती. तिने कागदावर एक देव्हारा काढला आणि त्याची दारे बंद काढली. जपानातील कित्येक मंदिरांत मुख्य मूर्ती कायम झाकलेली असते. तिला ‘हिबुत्सु’, म्हणजे गुप्त मूर्ती, म्हणतात. तोक्योतील सेन्सोजी या प्रसिद्ध मंदिरात लक्षावधी लोक कान्नोनच्या दर्शनास जातात. तेथील मूळ मूर्ती लोकांस दाखविली जात नाही. आपला गणपतीही त्या देशात ‘कांगितेन’ या नावाने असाच पडद्याआड राहतो. त्याला मुळे वाहतात, मोदकाच्या वंशातील एक तळलेले पक्वान्न अर्पण करतात, पण मूर्ती मात्र पेटीतच. ज्यांच्या कुलदेवतेचे गर्भगृह विशिष्ट वेळीच उघडते, त्या आमच्या वाचकांस यातील मर्म सांगावयास नको. त्या जपानी मुलीच्या एका रेखाटनाने खेळ वाचविला, असे आम्ही म्हणू. अन्यथा तो हलत्या दिनदर्शिकेहून वेगळा झाला नसता.

इतके म्हटल्यावर दोषांकडेही तितक्याच स्पष्टपणे पाहिले पाहिजे.

पहिला दोष अंकांचा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गुणसंख्या दिसत राहते, आणि तारा जितक्या लवकर मिळतील तितके गुण अधिक. हे केवळ अनावश्यक नाही. खेळाच्या प्राणावरच हा घाव आहे. नियम म्हणतो थांबा. अंक म्हणतात धावा. ज्या मुलाने हात मांडीवर ठेवला होता, त्याने दुसऱ्या खेपेस तारांच्या जागा पाठ करून, प्रतिबिंबाकडे न पाहताच, पूर्वीच्या दुप्पट गुण मिळविले आणि तो हर्षाने ओरडला. देवीने त्याला काही दाखविण्याची गरजच उरली नव्हती. शेवटी चारही तारा लागल्यावर आतषबाजी होते आणि अंक मोठ्या अक्षरांत येतो. वाद्य वाजते ते त्या गदारोळात ऐकूही येत नाही. वास्तविक तो नाद सुरेख आहे. डब्याच्या झाकणावर रबराचे वेटोळे ताणून तो काढला, असे कळले.

दुसरा दोष प्रवाशाच्या नजरेचा. तळ्याच्या एका बाजूस तांबड्या तोरी-कमानींची लांबलचक रांग आणि दोन कोल्ह्यांच्या मूर्ती आहेत. ही क्योतोच्या फुशिमी इनारीची खूण होय. मुलांनी ते स्थान आदल्या दिवशी पाहिले आणि त्याच्या मोहात ती पडली. पण कोल्हा हा इनारीचा, म्हणजे धान्यदेवतेचा, दूत. बेंझायतेनचा दूत सर्प. शंकराच्या देवळासमोर नंदीच्या जागी गरुड बसवावा, तसे हे झाले. गटातील जपानी मुलांनी ते चालू कसे दिले, असे आम्ही विचारले. पाहुण्यांना आवडले म्हणून, असे उत्तर मिळाले. सौजन्य हा गुण खरा. सहरचनेत मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

या दुसऱ्या दोषाचे मूळ सहलीच्या आखणीत आहे असे आम्हांस वाटते. मुलांनी अकिहाबाराची दुकाने पाहिली. २०२४ साली उजी येथे उघडलेले निन्तेन्दोचे संग्रहालय पाहिले. १८८९ साली क्योतोत फुलांचे पत्ते करणाऱ्या एका कारखान्यातून हा जगप्रसिद्ध व्यवसाय निघाला, हे तेथे त्यांस कळले, ते चांगलेच झाले. परंतु खेळ आणि श्रद्धा यांचे नाते ज्या एका जपानी खेळात सर्वांत उघड आहे, तो त्यांस कोणी दाखविला नाही. पंधराव्या शतकापासून ज्याचे उल्लेख आढळतात तो ‘जोदो सुगोरोकु’, म्हणजे सुखावतीचा पट. फाशाच्या सहा बाजूंवर ठिपक्यांऐवजी बुद्धनामाची सहा अक्षरे, आणि त्यांतील पहिली दोन ‘नामु’, म्हणजे आपले ‘नमो’. डाव सुरू होतो तो जंबुद्वीपातून. प्रत्येक पूजेच्या संकल्पात आपण ज्याचा उच्चार करतो, तेच हे जंबुद्वीप! तेथून फासा पडेल तसा जीव स्वर्गांतून वर चढतो किंवा नरकांत कोसळतो, आणि एक घर असे आहे की तेथे पडलेल्यास पुन्हा निघता येत नाही.

आपल्या मोक्षपटाशी याचे साम्य सांगावयास नकोच. परंपरा मोक्षपटाचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. ती जोड इतिहासात टिको न टिको, सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे सर्प हा विचार आपल्या घरांतून मुलांना शिकविला गेला, हे खरे. आणि पाहा, या दोन्ही पटांवर गुणसंख्या नाही. तुम्ही कोठे आहात एवढेच कळते, किती मिळविले ते नाही. आमच्या या मुलांनी तो पट एकदा पाहिला असता, तर उजव्या कोपऱ्यातील अंक त्यांस स्वतःसच खटकला असता.

सहरचनेविषयीही तेच. क्योतोपासून दूर नसलेल्या मिनासे येथे, १४८८ साली, सोगी हा कवी व त्याचे दोन शिष्य शोहाकु आणि सोचो यांनी मिळून शंभर कडव्यांची रेंगा-मालिका रचली आणि सम्राट गो-तोबाच्या स्मृतीस त्याच्या देवस्थानी अर्पण केली. रेंगाचा नियम मार्मिक आहे. प्रत्येक कडव्याने लगतच्या कडव्याशी जुळावे, पण त्याच्या मागच्याशी जुळू नये. म्हणजे सोबत्याचे म्हणणे घ्यावयाचे आणि वळवायचेही. केवळ होकार देणारा कवी तेथे चालत नाही. पाहुण्यांना आवडले म्हणून कोल्हे राहू देणाऱ्या गटाला हा नियम फार उपयोगी पडला असता.

प्रवासी विद्यार्थी आणि जपान या विषयात गोव्याचाही एक जुना धागा आहे, तो जाता जाता नोंदवितो. १५८२ साली नागासाकीहून युरोपास पाठविलेले चार जपानी कुमार जातायेता गोव्यात राहिले, आणि १५८७ साली त्यांतील मार्तिनो हारा याने येथे लॅटिन भाषेत भाषण केले. ते पुढे गोव्यातच छापले गेले. ती मुले आठ वर्षांनी घरी पोहोचली; आमची मुले बारा दिवसांत.

राहिला त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाही. २००९ साली हैदराबादेत घडलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ आला, तेव्हा परदेशस्थ हिंदूंपैकी काहींनी हरकत घेतली, की देव हा खेळणाऱ्याच्या बोटांवर नाचविण्याची वस्तू नव्हे. ही हरकत केवळ सोवळेपणाची आहे असे आम्ही मानीत नाही. तिच्यात कलेचा एक खरा प्रश्न आहे. ज्याच्या हाती कळ, तो स्वामी. मग देव सेवक झाला. जपानी रचनाकार हिदेकी कामिया याच्या ‘ओकामी’ (२००६) या खेळात सूर्यदेवता आमातेरासु श्वेत लांडग्याच्या रूपाने खेळणाऱ्याच्या स्वाधीन असते. तेथे कुंचल्याने आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. ही कल्पना थोर आहे, आणि खेळणाऱ्याचा हात क्षणभर देवाचा हात होतो. परंतु त्या थोर खेळातही लोकांची भक्ती गोळा करून देवतेचे बळ वाढवावयाचे असते, म्हणजे पुन्हा हिशोबच. पुण्याच्या रचनाकारांनी २०२० साली आणलेल्या ‘राजी’ या खेळात मार्ग निराळा आहे : दुर्गा आणि विष्णू वरून पाहतात, बोलतात, खेळणाऱ्याच्या हाती असते ती भावाला शोधणारी एक मर्त्य मुलगी. आमचा कल या मार्गाकडे आहे. तळ्यातील प्रतिबिंब त्याच्याही एक पाऊल पुढे जाते, कारण तेथे देवी बोलतसुद्धा नाही.

तेव्हा “फकत तिचें प्रतिबिंब हाडलां” हे उत्तर आम्ही मान्य करतो. पण अंक काढल्यावर. आम्ही मुलीला तसे सांगितलेही. ती हसून म्हणाली की तो भाग शेवटच्या तीन तासांत कोबे येथील एका मुलाने, इतर चौघे निजले असता, एकट्याने लिहिला आहे, आणि त्याला त्याचा फार अभिमान आहे. काढावयाचा तर त्याला पत्र लिहून विचारावे लागेल. पत्राचा मसुदा तिने अजून केलेला नाही. वृद्ध गृहस्थ मात्र त्या रात्री, सगळे जेवून उठल्यावर, एकटेच यंत्रापुढे बसले होते. त्यांना कळा चालविता येत नव्हत्या, म्हणून मूल पहिल्याच दगडावर उभे राहिले होते, आणि पाणी निवळले होते.