बाजारबुणगे : शिवी झालेला शब्द

पुढाऱ्याभोवती घुटमळणाऱ्या, फुकटचं खाणाऱ्या मंडळींना आपण सर्रास ‘बाजारबुणगे’ म्हणतो. पानिपतावरच्या व्याख्यानांत तर हा शब्द शिवीसारखाच येतो. लढणारे थोडे, बुणगे फार, म्हणून हरलो, असा सरळ हिशेब. मला तो पटत नाही.

‘बुणगा’ आला फारसी ‘बुंगाह’वरून. बुंगाह म्हणजे सामानसुमान, ते ठेवायची जागा. म्हणजे शब्द आधी सामानाचा, मग ते सांभाळणाऱ्या माणसांचा, आणि शेवटी बिनकामाच्या माणसांचा. तुच्छता मागाहून चिकटली.

‘बाजार’ हा अर्धा भाग तर आपण विसरतोच. त्या काळी शिपायाला सरकारी शिधा मिळेलच असं नव्हतं. तो पगारातून छावणीच्या बाजारात दाणागोटा घ्यायचा. वाणी, सराफ, लोहार, नालबंद, चांभार, भिस्ती, घोड्यांसाठी गवत कापणारे, बैलांच्या तांड्यांवर धान्य आणणारे बंजारे, यांच्याशिवाय फौज आठवडाभर तरी उभी राहिली असती का?

पानिपतावर बायकामुलं आणि यात्रेकरूही सोबत होते, त्यांचा भार पडला, हे खरंच. पण उपासमार कशानं झाली? ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेचा उरलासुरला आधारही गेला. रस्ता बंद झाल्यावर प्रत्येक तोंड जड होतं, शिपायाचंसुद्धा. खाणाऱ्यांना दोष दिला की रस्ता का राखता आला नाही, हा अवघड प्रश्न टळतो.

आपण ग्वाल्हेरकरांनी तरी हा शब्द जपून वापरावा. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रं वाचा. ती छावणी म्हणजे चालतंबोलतं शहरच होतं. पुढच्याच वर्षी ती किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचं झालं ‘लश्कर’. कंपू, शिंदे की छावनी ही नावं आजही आपल्या तोंडी आहेत. पण तलवारीनं एकट्यानं शहर वसत नाही. ते वसवलं दुकानदारांनी, कारकुनांनी, कारागिरांनी, आचाऱ्या-भिक्षुकांनी, म्हणजे बुणग्यांनीच.

पुढाऱ्यांच्या मागं फिरणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांचा काही तोटा नाही. होयबा, तोंडपुजे, लाळघोटे, ऐतखाऊ, हवा तो घ्या. बुणगे मात्र कष्ट करून खात होते.