उत्तरपक्ष नसलेले पुस्तक : फायराबेंड यांचा मुक्त समाज

पॉल फायराबेंड (१९२४–१९९४) यांचे ‘अगेन्स्ट मेथड’ (१९७५) हे पुस्तक अर्धे आहे, ही गोष्ट त्याच्याविषयी वाद घालणारे बहुधा विसरतात. इम्रे लाकातोश आणि फायराबेंड या दोन मित्रांनी मिळून एक ग्रंथ लिहावयाचा होता. एकाने वैज्ञानिक पद्धतीच्या विवेकनिष्ठेवर हल्ला चढवावयाचा आणि दुसऱ्याने तो परतवावयाचा, अशी ती योजना होती. १९७४च्या फेब्रुवारीत लाकातोश अकस्मात गेले आणि केवळ पूर्वपक्ष तेवढा छापला गेला. आपल्याकडील शास्त्रग्रंथांची रचना परिचित असलेल्या वाचकाला या घटनेचे गांभीर्य विशेष जाणवावे. सिद्धान्ताविना छापलेला पूर्वपक्ष हाच सिद्धान्त म्हणून वाचला जातो. ‘काहीही चालते’ या फायराबेंड यांच्या कुप्रसिद्ध उद्गाराचे असेच झाले. इतिहास जवळून पाहिल्यावर विवेकवाद्याच्या तोंडून निघणारा तो भयचकित उद्गार आहे, असे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. तरीही तो त्यांच्या संप्रदायाचा मंत्र ठरला.

न्यायपरंपरेने वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला आहे. स्वतःचा पक्ष न स्थापता परपक्षाचे खंडन करणारी ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द केवळ निंदेपुरता उरला असला, तरी शास्त्रीय अर्थाने वितंडा ही एक आदरणीय बौद्धिक कृती असू शकते, आणि ‘अगेन्स्ट मेथड’ ही तशी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गॅलिलिओने केवळ निरीक्षण आणि अनुमान यांच्या बळावर नव्हे, तर प्रचार, चातुर्य आणि अद्याप नीटसे न उलगडलेल्या दुर्बिणीवरचा विश्वास यांच्या बळावर बाजी मारली, हे त्यात दाखविलेले आहे. पृथ्वीच्या भ्रमणाविषयीचे गॅलिलिओचे म्हणणे खोटे होते, असा त्याचा अर्थ नाही. विज्ञानाची वाटचाल कोणत्याही एका नियमपुस्तकाच्या आधारे झालेली नाही, एवढाच तो आहे.

खंडनाचा हा बाण कुणाच्या भात्यात जाईल हे मात्र धनुर्धराच्या हाती नसते. १९९० साली कार्डिनल रात्झिंगर यांनी पार्मा येथील व्याख्यानात गॅलिलिओच्या खटल्याविषयी बोलताना फायराबेंड यांचा दाखला दिला. त्या काळच्या चर्चने गॅलिलिओपेक्षा विवेकाला अधिक धरून वर्तन केले, अशा आशयाचे ते विधान होते. असल्या मतांवर धर्माची घाईची तरफदारी उभारणे मूर्खपणाचे ठरेल, असेही रात्झिंगर तेथेच म्हणाले होते. परंतु २००८च्या जानेवारीत, पोप झालेल्या रात्झिंगर यांच्या भेटीस रोमच्या ‘ला सापिएन्झा’ विद्यापीठातील ६७ अध्यापकांनी हरकत घेतली, ती त्या अवतरणाच्याच आधारे. भेट रद्द झाली. स्वतःला अराजकवाद्यापेक्षा दादावादी म्हणवून घेणे पसंत करणाऱ्या लेखकाचे एक वाक्य अशा रीतीने एकाच वेळी चर्चचे साक्षीदार आणि विज्ञाननिष्ठांचे आरोपपत्र बनले. हा प्रकार पाहून त्यांना हसू आले असते, असे वाटते.

‘सायन्स इन अ फ्री सोसायटी’ (१९७८) या ग्रंथात मात्र फायराबेंड वितंडेची भूमिका सोडतात. येथे ते प्रतिज्ञा करतात, आणि प्रतिज्ञा केली की ती तपासणीस पात्र होते. राज्यसंस्था आणि चर्च जशी विभक्त झाली, तशी राज्यसंस्था आणि विज्ञान विभक्त व्हावीत. मुक्त समाजात सर्व परंपरांना समान हक्क आणि शिक्षणात व सत्तास्थानांत समान प्रवेश असावा. तज्ज्ञांवर सामान्य नागरिकांचे नियंत्रण असावे, ही ती प्रतिज्ञा होय.

भारतीय वाचकाने ही प्रतिज्ञा हसण्यावारी नेऊ नये. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून आपल्या संविधानात आले ते १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत. चिकित्सा हे कर्तव्य सांगितले जात होते तेव्हा चिकित्सा करणारे तुरुंगात होते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, एवढेच. लोकसंख्याशास्त्र आणि शल्यक्रिया या दोन्ही बाबी निर्विवाद वैज्ञानिक होत्या. विज्ञान स्वभावतःच स्वातंत्र्याचे मित्र असते, या आपल्या सुधारणावादी परंपरेच्या आवडत्या गृहीतकाला याहून मोठा तडा कोणता असू शकतो? फायराबेंड यांना हे उदाहरण ठाऊक असते तर त्यांनी त्यावर एक प्रकरण खर्ची घातले असते.

प्रत्यक्षात त्यांनी प्रकरण खर्ची घातले ते फलज्योतिषावर. १९७५ साली १८६ शास्त्रज्ञांनी, त्यांत अनेक नोबेल पारितोषिकविजेते, फलज्योतिषाविरुद्ध एक निवेदन प्रसिद्ध केले. फायराबेंड यांचा आक्षेप असा, की सह्या करणाऱ्यांनी ज्योतिषाचा अभ्यास केलेला नाही; युक्तिवाद पुरेसा असेल तर एवढ्या सह्या कशाला? कार्ल सेगन यांनीही निवेदनाच्या हुकमी सुरामुळे सही नाकारली होती. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर देणारी कृती पुढे घडली ती पुण्यात. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने २००८ साली एक चाचणी योजली. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका जमविण्यात आल्या, इच्छुक ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका देण्यात आल्या आणि कोणती कुणाची एवढेच सांगावयाचे होते. नाणे उडवून जे यश मिळाले असते, त्याहून अधिक यश मिळाले नाही. येथे सह्या नव्हत्या आणि अधिकारवाणीही नव्हती. ज्योतिषी स्वतः सहभागी होते आणि दावाही त्यांचाच होता. फायराबेंड यांनी शास्त्रज्ञांकडे जे मागितले होते, ते येथे मिळाले. त्याउलट २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाला पदवीचा विषय करण्याचे जे योजिले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्यात हस्तक्षेप केला नाही, त्यात परंपरेला ‘समान प्रवेश’ मिळाला खरा. परंतु तो मिळाला राज्यसंस्थेच्या हातून आणि ‘विज्ञान’ या नावाखाली. विभक्ततेची मागणी करणाऱ्याने याला काय म्हणावे?

खरी अडचण याहून खोल आहे. ती ‘परंपरा’ या एककात आहे. कॅलिफोर्नियाच्या नव्या शैक्षणिक धोरणामुळे बर्कलीच्या वर्गात कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आदिवासी विद्यार्थी येऊ लागले, तेव्हा ‘यांना काय आणि कसे विचार करावयाचे हे सांगणारा मी कोण?’ असा प्रश्न आपल्याला पडला, असे फायराबेंड सांगतात. प्रश्नातील नम्रता खरी आहे. परंतु ते विद्यार्थी वर्गात का आले होते, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. ते आपल्या परंपरेचे प्रतिनिधी म्हणून आले होते, की पूर्वजांना नाकारलेले काही मिळविण्यासाठी? १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेची पायरी चढणारी मुलगी कोणत्या परंपरेच्या समान हक्काचा उपभोग घेत होती? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी, मसुद्याने खेड्याचा त्याग करून व्यक्ती हे एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्या समाधानामागे परंपरेच्या आतून आलेला अनुभव होता. परंपरा परस्परांत समान असतील. परंपरेच्या आत कोण समान आहे, याविषयी फायराबेंड यांची प्रतिज्ञा मुकी आहे. चीनमध्ये पक्षाच्या हुकमाने पारंपरिक वैद्यक रुग्णालयांत आणले गेले, त्याचे ते जे स्वागत करतात, त्यातही हेच मौन आहे.

महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा या दृष्टीने वाचण्याजोगा आहे, आणि तो वाचताना त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात झालेला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून विसरता येत नाही. या कायद्यात विज्ञानाला अधिकृत दर्जा नाही. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन यांना तो हात लावीत नाही. अनुसूचीत आहेत ती कृत्ये आणि त्या कृत्यांनी पोळणारी माणसे. विज्ञान आणि राज्य यांना वेगळे ठेवूनही परंपरेच्या आतल्या व्यक्तीचे रक्षण करता येते, असे त्याच्या रचनेतून दिसते. लाकातोश यांच्या उत्तरपक्षात हे आले असतेच असे नाही.

उत्तरार्धात फायराबेंड यांनी स्वतःच पाऊल मागे घेतले. त्यांच्या पश्चात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉन्क्वेस्ट ऑफ अबन्डन्स’मध्ये प्रत्येक संस्कृती ही संभाव्यतः सर्व संस्कृती असते, असा विचार येतो. १९७८च्या ग्रंथातील परंपरा या कुंपण घातलेल्या वाड्या होत्या. येथे कुंपण राहत नाही आणि वाडीबाहेर पडू पाहणारी मुलगी प्रथमच दिसू शकते. पण तोवर त्यांचे वाचक विभागले गेले होते, आणि बहुतेकांच्या हातात जुनेच पुस्तक होते.