शोधयंत्रविषयक सल्ल्याचे प्रामाण्य : एक चिकित्सा

शोधयंत्राच्या निकालांत संकेतस्थळास वरचे स्थान मिळवून देणाऱ्या सल्ल्यांची पारख सल्लागाराच्या कीर्तीवरून करणे सदोष होय. क्रमवारीसाठी मुख्यशब्दांचा 'मेटा टॅग' विचारात घेतला जात नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. तरीही तो भरण्याचा सल्ला पुढे दिला जात राहिला. हा सल्ला निरुपयोगी, तरी निरुपद्रवी होता. इतर संकेतस्थळांवरील दुवे विकत घेण्याचा सल्ला मात्र अपायकारक ठरला. एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' बदलानंतर कृत्रिम दुव्यांवर विसंबलेली अनेक संकेतस्थळे क्रमवारीत घसरली. त्याचा भुर्दंड संकेतस्थळांच्या मालकांना पडला, सल्लागारांना नव्हे. क्रमवारी सल्लागाराच्या हाती नसल्याने पहिल्या क्रमांकाची हमी मुळातच अग्राह्य ठरते. सल्ल्याचा काळ, त्यामागील पुरावा आणि देणाऱ्याचा हितसंबंध तपासल्याखेरीज तो स्वीकारणे शास्त्रीय दृष्टीस धरून नाही.