अल्बमचा वाचक : ‘फूचौ अँड द रिव्हर मिन’

जॉन टॉमसन या स्कॉटिश छायाचित्रकाराच्या ‘फूचौ अँड द रिव्हर मिन’ (१८७३) या अल्बमची ‘वसाहतवादी दृष्टीचा दस्तऐवज’ अशी वासलात लावणे सोपे आहे. पण त्यात एक प्रश्न निसटतो : हा अल्बम पाहणार कोण होते? ८० कार्बन-मुद्रांच्या या संग्रहाच्या अवघ्या ४६ प्रती निघाल्या, त्याही प्रामुख्याने फूचौमधील परदेशी रहिवाशांकडून वर्गणी घेऊन. १८४२च्या नानकिंग तहाने खुल्या झालेल्या या बंदरात चहावर गबर झालेल्यांना हे शहर नव्याने दाखवायचे नव्हते. त्यांना ते सोबत न्यायचे होते. म्हणूनच कार्बन-मुद्रा, अल्ब्युमेन-मुद्रेप्रमाणे ती फिकी पडत नाही.

१८७०-७१च्या सुमारास टॉमसन मिन नदीतून नानपिंगपर्यंत गेला. चहा ज्या प्रवाहाने बंदरात उतरे, त्याच्या उलट. नदीतील खडकावरचे मंदिर दाखवणाऱ्या प्रसिद्ध चित्रात पाणी निश्चल भासते. ही ओल्या कलोडियनच्या काचेची तांत्रिक मर्यादा खरी. तरी तिने व्यापाराच्या वर्दळीची नदी स्मरणरंजनाला सोयीची करून दिली, हे नाकारता येत नाही.

जवळजवळ त्याच वेळी (१८७३-७४) टॉमसनचा चार खंडांचा ‘इलस्ट्रेशन्स ऑफ चायना अँड इट्स पीपल’ निघाला. यातील काही दृश्ये तेथेही आहेत, पण दूरस्थ ब्रिटिश वाचकासाठी विवेचनासह. तेथे तीच चित्रे माहिती ठरतात, येथे ठेव. तेव्हा प्रतिमेचा अर्थ केवळ कॅमेऱ्यामागच्या नजरेवरून ठरवणारी आपली वाचनपद्धती अपुरी पडते, असे मला वाटते.