करकरीत नोट आणि मधली घडी

दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला जुन्या नोटा-तिकिटांचा नाद लागला, तर नवल करण्याचे कारण नाही. या किनाऱ्यावर एके काळी आपलाच रुपया चालत होता. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी भारताचे परकीय चलन झिरपू लागले, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. एक आणि दहाची तांबडी, पाचाची नारिंगी, शंभराची हिरवी. क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर. भारतात मात्र त्या चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये आपले चलन काढले आणि जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतारने व इथल्या अमिरातींनीही रुपयाला निरोप दिला. बहुतेक नोटा बदलून परत गेल्या. ज्या चुकून मागे राहिल्या, त्यांच्यावर आज इंटरनेटच्या लिलावांत चढाओढीने बोली लागते.

अशीच एक रुपयाची एक तांबडी नोट मी विकायला काढली होती. वर्णनात लिहिले: ‘करकरीत, न वापरलेली.’ लिलाव चांगला गेला, नोट मस्कतच्या एका गृहस्थांकडे पोहोचली आणि आठवड्याने त्यांचे पत्र आले. नोटेला मधोमध एक पुसट घडी होती. दिव्याखाली तिरपी धरून काढलेला फोटोही त्यांनी सोबत जोडला होता.

मी लगेच उत्तर लिहिले, ‘चित्र दिले होते. ते पाहूनच आपण बोली लावलीत.’ हे उत्तर किती वाईट होते ते समजायला मला तीन दिवस लागले आणि हा लेख त्या तीन दिवसांतून निघाला आहे.

आपण पुस्तकांची समीक्षा करतो, नाटकांची करतो. लिलावाच्या पानावरचे वस्तूचे वर्णन हा गद्यप्रकार मात्र कोणी टीकेच्या योग्यतेचा मानत नाही. वास्तविक त्यातल्या एकेका शब्दावर पैसे बदलतात. या गद्याचे मला तीन मोठे दोष दिसतात.

पहिला, ‘दुर्मिळ’ हा शब्द. आपल्या अजमानचेच उदाहरण घ्या. १९६४ साली फिनबार केनी या अमेरिकन तिकीट-व्यापाऱ्याने अजमानशी करार केला आणि पाहता पाहता शारजा, फुजैरा, उम्म अल-कुवैन, रास अल-खैमा सगळीकडून रंगीबेरंगी तिकिटांचा पूर लोटला. अजमानच्या ताब्यातल्या मनामा या डोंगराकडेच्या लहानशा गावाच्या नावानेही स्वतंत्र तिकिटे निघाली! ऑलिम्पिक, अंतराळवीर, युरोपातल्या चित्रकारांची चित्रे असे विषय. आणि यांपैकी किती तरी तिकिटांवर शिक्का छापखान्यातच मारलेला. पत्राच्या पाकिटाशी त्यांचा संबंध कधी आलाच नाही. संग्राहक त्यांना थट्टेने ‘वाळूच्या टेकड्या’ म्हणतात. १९७३ पासून संयुक्त अमिरातींची तिकिटे आली आणि हा उद्योग संपला. ही तिकिटे दिसायला सुंदर आहेत, मुलांच्या वहीत शोभतात. पण ‘दुर्मिळ, वापरलेले’ या दोन शब्दांत त्यांच्याबद्दल दोन असत्ये मावतात.

दुसरा दोष, ‘जशी आहे तशी.’ वस्तू सदोष आहे हे विक्रेत्याला माहीत असते, दोष कोणता ते सांगायचे नसते, अशा वेळी हे शब्द कामी येतात. वास्तविक ईबेची सुरुवात याच्या अगदी उलट झाली. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यारने आपल्या संकेतस्थळावर विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. ‘हा मोडका आहे, कळले ना?’ असे त्याने खरेदीदाराला मुद्दाम विचारले. मोडके लेझर पॉइंटरच मी जमवतो, असे उत्तर आले, असे सांगतात. दोष सांगितल्यावरही, किंबहुना दोषासाठीच, गिऱ्हाईक मिळू शकते!

तिसरा दोष सर्वांत सोज्वळ दिसतो: ‘मी जाणकार नाही, चित्र पाहून आपणच ठरवा.’ अज्ञान खरे असेल तर ते सांगणे चांगलेच. पण त्याच पानावर वर ठळक अक्षरांत ‘अस्सल शिवकालीन’ असे लिहिलेले असते, तेव्हा काय म्हणावे? शिवराई म्हणून ओतीव नकला खपवण्याचे प्रकार नवे नाहीत. त्यात आणखी एक मेख आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू, अगदी नाणेसुद्धा, खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे भारतातला विक्रेता ‘दुबईला पोहोचवू’ म्हणतो, तेव्हा शिवराई खोटी असेल तर फसवणूक आणि खरी असेल तर गुन्हा.

आता माझ्या उत्तराकडे वळतो. ‘चित्र पाहून बोली लावलीत’ हे म्हणणे पुष्कळ विक्रेते मनापासून मानतात. पण आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे १५ वे कलम सांगते की वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. वर्णन आणि नमुना दोन्ही दिले असतील, तर नुसता नमुन्याशी जुळून भागत नाही. ज्या देशात आपण राहतो तिथल्या परंपरेतही हा विचार जुना आहे. इस्लामी व्यवहारशास्त्रात ‘खियार अल-ऐब’ म्हणून एक तत्त्व आहे: व्यवहाराच्या वेळीच असलेला दडलेला दोष नंतर उघड झाला, तर सौदा मोडण्याचा पर्याय ग्राहकाला राहतो. विक्रेत्याला तो दोष ठाऊक होता का, हा प्रश्न तिथे गौण आहे. माझ्या बाबतीतही तो गौणच होता. सपाट यंत्रावर प्रतिमा घेतली की घडी दबून दिसेनाशी होते. मी खोटे बोललो नव्हतो, पण जे लिहिले ते खरेही नव्हते.

चूक लिलाव चालू असतानाच लक्षात आली तर? बहुतेक जण वर्णनाच्या तळाशी एक ओळ जोडतात आणि हात झटकतात. पण आधी बोली लावून गेलेला माणूस तळाशी पाहायला परत येत नाही. लिलाव मागे घेऊन, सर्व बोली लावणाऱ्यांना कळवून, नव्याने मांडणी करणे हाच सरळ मार्ग. त्यात आठवडा जातो, रंगलेली चढाओढ मोडते. म्हणून तो कोणाला नको असतो.

उलटी चूकही होते. आखाती नोट एखादा विक्रेता साधी जुनी भारतीय नोट म्हणून मांडतो आणि ‘झेड’ ओळखणारा ती चिल्लर भावात नेतो. विक्रेत्याने मग सौदा मोडावा का? माझ्या मते नाही. अभ्यासाचे फळ अभ्यास करणाऱ्याला मिळू द्यावे. मात्र किमतीत एक शून्य टंकायचे राहून गेले, तर तो अभ्यास नव्हे, अपघात आहे. त्यावर हक्क सांगणाऱ्या ग्राहकाचे मला कौतुक नाही.

ग्राहकांनाही धुतल्या तांदळाचे समजू नये. ‘निम्मे पैसे परत द्या, नोट ठेवून घेतो’ असे पहिल्याच पत्रात लिहिणारे असतात. चांगली वस्तू ठेवून आपल्याजवळची फाटकी परत पाठवणारेही असतात. २००८ साली ईबेने विक्रेत्यांचा ग्राहकाला वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. सुडाने दिलेल्या शेऱ्यांना त्यामुळे आळा बसला. पण प्रामाणिक विक्रेत्याचा आवाजही त्यात गेला, ही तक्रार मला रास्त वाटते. यावर उपाय साधा आहे. नोटेचा क्रमांक चित्रात आणि मजकुरात दोन्हीकडे असावा. तिकिटाची पाठ, कडेची भोके आणि गोंद यांचे जवळून चित्र असावे. एक चित्र तिरप्या उजेडात घेतलेले असावे. एवढे केले तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.

मस्कतच्या गृहस्थांनी पैसे कमी करण्याची मागणी केलेली नव्हती. घडी आहे, एवढेच त्यांनी लिहिले होते. तिसऱ्या दिवशी रात्री मी ते पत्र सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, “अहो, हीच नोट तुम्हाला कोणी करकरीत म्हणून विकली असती, तर घरात किती दिवस धुसफूस चालली असती?” मी मूळ प्रतिमा मोठी करून पाहिली. माहीत असल्यावर ती रेघ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पत्र लिहिले: चूक माझी, टपालखर्चासह सर्व रक्कम परत करतो, नोट पाठवण्याचा खर्चही माझा. त्यांनी नोट परत केली. सोबत दोन ओळी होत्या: ‘पैसे मिळाले. पहिले उत्तर आले नसते तर नोट ठेवूनही घेतली असती.’ त्यानंतर मी मांडलेल्या एकाही वस्तूवर त्यांची बोली आलेली नाही.

नोट पुन्हा मांडली, या वेळी घडीचे चित्र सर्वांत आधी लावून. पहिल्या किमतीच्या निम्म्याहून थोडे अधिक आले. नोटेत तेवढाच तोटा झाला, कारण तेवढीच तिची खरी किंमत होती. बाकीचे नुकसान माझ्या पहिल्या उत्तराने झाले आणि ते भरून यायचे राहिले आहे.